दशांश नसलेली लायब्ररी

चौकशीच्या कचेरीतून आलेलं पत्र मर्व्हने ग्लेनिसच्या टेबलावर ठेवलं आणि तो चहाच्या किटलीकडे गेला. पत्र छोटंच होतं. टॅलोवुड ओढ्यावरच्या पाणीमापकात जो प्रोग्रॅम होता, तो नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे अगदी पहिल्यापासून पुन्हा बांधावा, यंत्रातल्या प्रोग्रॅमशी तो तंतोतंत जुळतो की नाही ते पाहावं, आणि बारा जूनला गावच्या हॉलमध्ये येऊन तसं सांगावं.

"पहिल्यापासून म्हणजे कुठून?" मर्व्हने विचारलं. "प्रोग्रॅम तर आहे ना तुझ्याकडे?"

"कंपायलरपासून," ग्लेनिस म्हणाली. "तोसुद्धा मीच बांधलाय."

"तो कशाला बांधत बसलीस?"

"तेव्हा नाही विचारलंस."

"तेव्हा सगळं चाललं होतं गं," मर्व्ह म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर कपात डोकं घालून बसला.

मर्व्ह हॅड्रिलची शेड गावाबाहेर, बंद पडलेल्या डेअरीच्या मागे. तिथे माणसं दोनच. मर्व्ह यंत्रं जोडायचा, विकायचा आणि ओढ्यानाल्यांवर नेऊन बसवायचा. ग्लेनिस पास्को त्यांच्यात अक्कल घालायची. ती बावन्न वर्षांची, एकटी, कमी बोलणारी, आणि आपलं काम दुसऱ्याच्या हाती न देणारी. गावात तिला मान होता. यंत्रातलं कळणाऱ्या माणसाला जसा मान देतात तसा, म्हणजे जरा लांबून.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला टॅलोवुडच्या फरशी पुलावरून मेरिल नोक्सची गाडी वाहून गेली. मेरिल नर्स होती. ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची, त्यांच्या गोळ्यांच्या डब्या भरायची, त्यांच्या कुत्र्यांचीही चौकशी करायची आणि संध्याकाळी परत यायची. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. फरशीवरची पाण्याची खोली दाखवणारी पाटी डिसेंबरात लाकडं वाहणाऱ्या एका लॉरीने पाडली होती आणि नवी अजून यायची होती. म्हणून तिने गाडी थांबवून नेहमीसारखं वायरलेसवर सेसला विचारलं, फरशीवर पाणी दिसतंय, ओढा किती आहे? सेस बार्ट्श म्हणजे गावच्या पूर-पथकाचा एकाहत्तर वर्षांचा स्वयंसेवक. टेकडीवरच्या आपल्या घरात तो पाणीमापकाचा आकडा दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर बसलेला होता. तो म्हणाला, "ब्याण्णव सेंटिमीटर, बाई. फरशीवर दिसतंय ते पावसाचं साचलेलं असेल. ये खुशाल."

फरशीवर ओढा चढतो तो एक मीटर वीसला. त्या वेळी ओढा एक मीटर सत्तरला होता; नंतर काठावरच्या खुणांवरून हे ठरलं. मेरिलची गाडी लहान होती.

खापर फोडायचं म्हटलं की गावाला एक डोकं लागतं, आणि सेसचं टक्कल समोरच होतं. सिडनीहून आलेल्या तज्ज्ञाने यंत्र उघडून पाहिलं. पाण्यात सोडायची नळी शाबूत, बॅटरी भरलेली, दर दहा मिनिटांनी संदेश पोचल्याची नोंद. संदेशात काय होतं ते कुठेच साठवलेलं नव्हतं, पोचला एवढंच. म्हणजे यंत्र ठीक होतं आणि माणूस चुकला, असं सगळ्यांचं सरळ गणित झालं. कोणी म्हणे तो बिअर पिऊन डुलक्या काढत होता, कोणी म्हणे डोळ्यांवर चष्मा नव्हता, तासाभरापूर्वीचा आकडा त्याने ठोकून दिला. पथकाने त्याच्याकडून वायरलेस काढून घेतला. दुकानात त्याच्याशी कोणी बोलेनासं झालं. आता चौकशीत हेच कागदावर येणार होतं, आणि कागदावर आलेलं माणसाला मेल्यावरही सुटत नाही.

ग्लेनिस मेरिलच्या अंत्यविधीला गेली होती. तिने लॅमिंग्टन केक करून नेले, ते चांगले झाले होते, लोकांनी तसं सांगितलंही. मेरिल तिची मैत्रीण म्हणावी अशीच होती. आपल्याला रडू यायला हवं हे तिला कळत होतं. पण दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गालाचं होतं तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. ती वेळेवर उठायची, वेळेवर शेडमध्ये यायची, दुसऱ्या ओढ्यांची यंत्रं पुरी करायची. टॅलोवुडचा प्रोग्रॅम मात्र तिने चार महिन्यांत एकदाही उघडून पाहिला नव्हता. का पाहिला नाहीस, असं तिला कोणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही विचारलं नाही. पत्र आलं नसतं तर कदाचित कधीच पाहिला नसता.

मंगळवारी सकाळी तिने नोंदवही काढली.

शेडमधला संगणक मोठा होता. पाणीमापकातली चिप नखाएवढी, तिच्यात प्रोग्रॅमला जागा बत्तीस केबी. एवढ्याशा चिपवर कंपायलर चालवणं शक्य नसतं. म्हणून मोठ्या संगणकावर चालणारा पण माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम छोट्या चिपच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर लागतो, त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात. तो आयता मिळतो. पण ग्लेनिस जॅमसुद्धा घरचाच खायची. कंपायलर परका आणणं तिच्या स्वभावात नव्हतं. काय, कुठून, कोणत्या आवृत्तीचं घेतलं आणि कोणत्या क्रमाने बांधलं, ते ती पेनाने वहीत लिहून ठेवायची. वही बघून पुन्हा बांधलं की अक्षर न् अक्षर तेच यायला हवं, असा तिचा हट्ट असे. चौकशीच्या कचेरीला या हट्टाची माहिती सिडनीच्या तज्ज्ञाकडून मिळाली असावी.

क्रम ठरलेला होता. आधी जोडणीची, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे एकत्र जोडणारी, हत्यारं बांधायची. मग अर्धा कंपायलर. त्याला कुठलीच लायब्ररी माहीत नसते, त्यामुळे तो बेरीज-वजाबाकीचा प्रोग्रॅम करील, पण उत्तर छापायला सांगितलं तर हात वर करील. छापणं, अक्षरं जुळवणं, वेळ सांगणं ही सगळी रोजची कामं, प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितात त्या 'सी'च्या लायब्ररीत तयार असतात. तेव्हा त्या अर्ध्या कंपायलरकडून आधी लायब्ररी बांधून घ्यायची आणि मग ती हाताशी घेऊन कंपायलर पुन्हा बांधायचा, या खेपेला पुरा. मंगळवार हत्यारांत गेला. बुधवारी अर्धा कंपायलर दोनदा अडला, कारण संगणकावरच्या कितीतरी गोष्टी ऑक्टोबरात पहिल्यांदा बांधल्यानंतर बदलल्या होत्या आणि जुन्या आवृत्त्या शोधून आणाव्या लागल्या. पडद्यावरून ओळी सरकत होत्या. तिला ते बरं वाटत होतं. सरकणाऱ्या ओळींकडे बघताना कशाचाही विचार करावा लागत नाही.

गुरुवारी लायब्ररीचं पान आलं.

तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मोठी लायब्ररी, प्रोग्रॅम एक्केचाळीस केबी, बसत नाही. त्याखाली: छोटी लायब्ररी, तेवीस केबी, बसते. 'बसते'पुढे दोन उद्गारचिन्हं होती. त्या दिवशी ती किती खूश झाली होती ते तिला आठवलं. मर्व्हला बोलावून तिने पडदा दाखवला होता आणि मर्व्हने काही न कळता टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. छोटीत दशांश आकडे छापण्याची सोय काढून टाकलेली आहे, हवी असल्यास जोडणीच्या वेळी मागून घ्यावी लागते, आणखी सात केबी. चालेल. आपण पूर्ण सेंटिमीटरच छापतो.

ते खरंच होतं. ऑक्टोबरात सगळं सेंटिमीटरमध्येच होतं.

तिने पानं उलटली. चौदा जानेवारी. कौन्सिलने कळवलं होतं की एक मीटरच्या वर गेल्यावर आकडा मीटरमध्ये दाखवा, दोन दशांशांसह, रस्त्यावरच्या पाट्यांसारखा, म्हणजे लोकांचा गोंधळ होणार नाही. तिने लिहिलं होतं: बदल केला. डब्यात तपासलं. चाळीस, बासष्ट, अठ्ठ्याऐंशी. तिन्ही बरोबर.

डबा म्हणजे अंगणातला कचऱ्याचा हिरवा, चाकांचा डबा. शेडची ती रीतच होती. कोणतंही यंत्र बाहेर जाण्याआधी मर्व्ह नळी लावून डबा भरायचा, ग्लेनिस त्यात यंत्राची नळी सोडायची आणि मर्व्ह पट्टी धरून मोठ्याने आकडा सांगायचा. वीस वर्षांत यंत्रं पाच वेळा बदलली, डबा तोच. काठोकाठ भरला तरी तो नव्वद सेंटिमीटर.

वहीत जे पुढे लिहिलं होतं ते तिने सगळं तसंच केलं. लायब्ररी बांधली, कंपायलर पुरा केला, प्रोग्रॅम बांधला, यंत्रातल्या प्रोग्रॅमशी ताडून पाहिला. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. पत्रात मागितलेलं काम इथे संपत होतं.

मग तिने टेबलावरच्या एका सुट्या चिपमध्ये तो प्रोग्रॅम घातला आणि नळीऐवजी आकडा हाताने दिला. ब्याण्णव. पडद्यावर आलं, ओढा ९२ सेंमी. तिने एकशे सत्तर दिला. पडद्यावर आलं, ओढा, मग मोकळी जागा, मग मीटर.

तिने आणखी एकदा दिला. ओढा, मोकळी जागा, मीटर.

सेसच्या स्क्रीनवर मोकळी जागा दिसली नसती, हेही तिला माहीत होतं. तेही तिनेच केलं होतं. गेल्या नोव्हेंबरात वायरलेसच्या खरखरीत एखादा आकडा गळला की सेस लगेच फोन करायचा, "पोरी, तुझं यंत्र गप्प बसलंय." शेवटी कंटाळून तिने असं केलं की आकडा नसेल तर आधीचाच राहू द्यायचा, वेळ तेवढी नवी. ब्याण्णववरून पाणी चढत मीटरच्या वर गेलं आणि स्क्रीनवर दर दहा मिनिटांनी नव्या वेळेसह ब्याण्णव येत राहिलं.

जोडणीच्या यादीत तिने दशांशाची सोय मागणारी एक ओळ वाढवली आणि प्रोग्रॅम पुन्हा बांधला. तीस केबी. एकशे सत्तर दिल्यावर पडद्यावर आलं, ओढा १.७० मीटर. दोन केबी जागा अजून शिल्लक होती.

तिला काहीच वाटलं नाही. हात गार पडले होते, म्हणून तिने चहा केला आणि कप नुसता धरून बसली. मग अंगणात जाऊन मर्व्हला सांगितलं. मर्व्ह त्या वेळी डबाच भरत होता. त्याने नळ बंद केला नाही. पाणी काठावरून वाहायला लागलं, त्याच्या बुटांत गेलं, तरी तो पट्टी धरून तसाच उभा.

"वीस वर्षं मी हाच भरतोय," तो म्हणाला.

"हो."

"मला कधी सुचलं नाही गं, की ओढा याच्यापेक्षा खोल असतो."

"मलाही नाही सुचलं."

बऱ्याच वेळाने त्याने नळ बंद केला. "बारा तारखेला ते तुला काय विचारणार? जुळतो की नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"आणि जुळतो."

"जुळतो."

मर्व्ह वाईट माणूस नव्हता, पण शेड त्याची होती. "तू ठरव," तो म्हणाला. "मी तुझ्या मागे उभा आहे." मग जरा थांबून, खरं बोलावं म्हणून, "म्हणजे थोडा लांब मागे."

रविवारी दुपारी ती सेसकडे गेली. टेकडीवरचं त्याचं घर बंद असल्यासारखं दिसत होतं. तो व्हरांड्यात बसलेला होता, पुढ्यात तीन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र.

"आलीस? ये. चहा बिनदुधाचा मिळेल. दुकानात जायचं जिवावर येतं."

"सेस, तुला ब्याण्णवच दिसलं होतं."

"सगळे म्हणतात की—"

"त्यांना म्हणू दे. मी करून पाहिलंय." आणि तिने त्याला सांगितलं. लायब्ररी म्हणजे काय, मोठी का बसली नाही, छोटीत काय नव्हतं, जानेवारीत काय बदललं, डबा किती खोल. तिने काही वगळलं नाही. सेस ऐकत होता. मधेच त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"म्हणजे हा माझ्या नाकावर होता," तो म्हणाला.

"असणारच."

"मला वाटायला लागलं होतं की नव्हता. चार महिने रोज आठवून बघतोय. एक दिवस आठवतं, होता. दुसऱ्या दिवशी आठवतं, टेबलावर पडला होता. बिअरसुद्धा आठवायला लागली होती मला. मी त्या दिवशी एक थेंब घेतला नव्हता, ग्लेनिस." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "बरोबर आकडा आला असता तर काय दिसलं असतं?"

"एक मीटर सत्तर."

"मग मी तिला मागे फिरवलं असतं."

"हो."

"आणि ती मला शिव्या घालत मागे फिरली असती. तिच्या तोंडाला काही धरबंद नव्हता." तो हसला. खाली ओढ्याकडे जाणारा रस्ता उन्हात पडला होता. "आधी मी काठी घेऊन ओढ्यावर जायचो बघ. दर पावसात. तूच म्हणालीस, आता कशाला भिजतोस सेस, घरात बस, आकडा तुझ्याकडे येईल."

त्याने हे टोचून म्हटलं नाही. टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"किती जणांना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"मर्व्हला."

"बास. आता तिसऱ्याला नाही."

"सेस, गुरुवारी ते तुझं नाव लिहिणार आहेत."

"लिहू दे. पोरी, ऐक. मेरिलचा नवरा, आल्बी, रोज सकाळी सात वाजता इथून गाडीने जातो. माझ्या फाटकापाशी थांबतो. काच खाली करतो, थुंकतो, काच वर करतो आणि कामावर जातो. बायको गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. गेल्या मंगळवारी ताप होता म्हणे, तरी आला." सेसने फाटकाकडे बोट दाखवलं, जणू आत्ताही गाडी तिथे उभी होती. "त्या थुंकण्यावर तो माणूस उभा आहे. तू त्याला माझ्याऐवजी काय देणार थुंकायला? लायब्ररी?"

"मी आहे ना."

"तू? तू सात केबीची चूक केलीस. थुंकायला पुरायची नाही ती."

"आणि तुझं काय?"

"मला सवय झालीय. एकाहत्तरचा आहे मी, असा किती दिवस थुंकेल?" त्याने कप उचलला. "खरं कळलं, मला तेवढं पुरे. तू आलीस, बरं केलंस. आता गप्प बस."

घरी येताना ती फरशीवर थांबली. पाणी घोट्याएवढं होतं, तळाचे गोटे दिसत होते. सेसचं म्हणणं तिला पटलं होतं आणि पटलं होतं याची तिला भीतीही वाटली नाही. गप्प बसायला तिला काहीच करावं लागणार नव्हतं.

बारा तारखेला हॉलमध्ये सत्तरेक माणसं जमली होती. एका कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं, बिस्किटांचे डबे. गावात लग्न असो की चौकशी, हे असतंच. मॅजिस्ट्रेट बाई लिस्मोरहून आल्या होत्या, बारीक, सर्दी झालेल्या. पहिल्या रांगेत आल्बी नोक्स इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. इस्त्री त्याने स्वतः केली असणार. पाठीवर दोन घड्या तशाच राहिल्या होत्या. सेस दाराशी, शेवटच्या खुर्चीवर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

सिडनीच्या तज्ज्ञाने सांगितलं की यंत्र चालू होतं. पथकप्रमुखाने सांगितलं की स्क्रीन नीट वाचणं ही स्वयंसेवकाची जबाबदारी. सेसला विचारल्यावर तो म्हणाला, "मला ब्याण्णव दिसलं असं मला वाटलं. माझी चूक झाली असेल." आल्बीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

मग ग्लेनिसला बोलावलं.

"मिस पास्को, तुमच्या नोंदींवरून पुन्हा बांधलेला प्रोग्रॅम आणि यंत्रात सापडलेला प्रोग्रॅम एकच आहेत का?"

"हो, मॅडम. शेवटच्या अक्षरापर्यंत."

"म्हणजे त्यात मागाहून कोणी ढवळाढवळ केलेली नाही."

"नाही."

"आभारी आहे. बसा."

दाराशी सेसने खाली मान घालून श्वास सोडला. मर्व्ह खिडकीतून बाहेर बघत होता. ग्लेनिसला खुर्ची दिसत होती. तिच्यावर बसायचं तेवढं बाकी होतं. पायांनी ऐकलं नाही. मनाचं म्हणाल तर मन काहीच म्हणत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त सेस सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होता.

"आमचा डबा नव्वद सेंटिमीटर खोल आहे," ती म्हणाली.

कोणीतरी खुदकन हसलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी नाकाचा रुमाल बाजूला केला. "काय म्हणालात?"

ग्लेनिसने सांगितलं. वहीतलं वाचून दाखवावं तसं, एकाच आवाजात. लायब्ररी, बत्तीस केबी, जानेवारीचा बदल, चाळीस, बासष्ट, अठ्ठ्याऐंशी, मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेच्या ठिकाणी राहिलेलं ब्याण्णव. हॉलमध्ये चहाच्या भांड्याची वाफ ऐकू येत होती.

"ही लायब्ररी कोणी निवडली?"

"मी."

"नंतरचा बदल?"

"मी."

"तपासणी?"

"मीच. डबा दुसऱ्याने भरला, पण तपासलं मी." मर्व्ह अर्धवट उठला होता, तो पुन्हा बसला. "सेस बार्ट्शला स्क्रीनवर जे दिसलं तेच त्याने सांगितलं. त्याने बरोबर वाचलं होतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आठवड्यापूर्वी."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सेस उठून बाहेर गेला होता.

कामकाज तासाभरासाठी थांबलं. ग्लेनिस बाहेर आली तेव्हा सेस आपल्या पिकअपपाशी उभा होता. किल्ली दाराला लावायचा प्रयत्न करत होता आणि ती लागत नव्हती.

"नको म्हटलं होतं ना तुला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"हो."

"आता बघ त्याचं काय होतं ते."

आल्बी पायऱ्या उतरून येत होता. जाडजूड माणूस, पण पायऱ्या जपून उतरत होता. लोक दारात थांबले, पुढे कोणी आलं नाही. तो ग्लेनिससमोर येऊन उभा राहिला. तिने तोंड बाजूला केलं नाही. त्याने थुंकावं असं तिला मनापासून वाटत होतं. चार महिन्यांत तिला मनापासून वाटलेली ही पहिलीच गोष्ट.

"किती खोल लागलं असतं?" आल्बीने विचारलं.

"काय?"

"ते तपासायला. किती खोल पाणी लागलं असतं?"

"दीड मीटर. दोन असतं तर उत्तमच."

आल्बीने मान हलवली. त्याला हिशेब समजला होता. "आमच्या घरामागे टाकी आहे," तो म्हणाला. "पावसाच्या पाण्याची. तीन मीटरची आहे ती. दर रविवारी मेरिल शिडी लावून वर चढायची, जाळीवरची पानं काढायला." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडत नव्हता, आणि राग गेल्यावर तिथे जे उरलं होतं ते बघवत नव्हतं. "तू आली असतीस तर तिने स्वतः वर चढून तुझी नळी पाण्यात धरली असती. आवडलं असतं तिला."

मग तो सेसकडे गेला.  आल्बीने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "सरक," तो म्हणाला. "मी चालवतो." सेस पलीकडच्या दाराने आत बसला.

पिकअप वळून रस्त्याला लागला तरी ग्लेनिस तिथेच उभी होती. छातीत खोल कुठेतरी दुखायला लागलं होतं, आणि ते आता थांबणार नाही हे तिला कळलं. ती टाकी तिने पाहिलेली होती. मेरिलच्या स्वयंपाकघरात बसून किती वेळा तिने चहा घेतला होता, आणि खिडकीतून समोर तीच दिसायची.